नॉब आणि फेडरचा मिडी कंट्रोलर कसा निवडावा: सोलापुरातल्या होम स्टुडिओसाठी

मिडी कंट्रोलर, म्हणजे गाण्याचं सॉफ्टवेअर हातानं हलवायचं यंत्र, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी बजेट सांगतात आणि मग विचारतात, "यात कुठला चांगला?" माझा सल्ला दर वेळी एकच असतो. गाणं करताना माऊसनं सारखं काय ओढावं लागतं, ते आधी लिहून काढा. नॉब (फिरवायची गोल बटणं) किती हवेत, फेडर (वरखाली सरकवायच्या पट्ट्या) किती हवेत, कुठलं मॉडेल घ्यावं, ही सगळी उत्तरं त्या कागदातूनच निघतात. कागद न करता घेतलेला कंट्रोलर महिनाभर हौसेनं वापरला जातो आणि मग कीबोर्डच्या मागे जाऊन बसतो. सोलापुरातल्या कितीतरी मुलांच्या खोल्यांत मी हे बघितलंय. ज्या मुलानं गाणी करून चार पैसे साठवून हे घेतलेलं असतं, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा लेख घरातल्या खोलीत लॅपटॉप, हेडफोन आणि एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) घेऊन काम करणाऱ्यांसाठी आहे. कोणी जयंतीच्या मिरवणुकीसाठी रिमिक्स करतो, कोणी आषाढीच्या आधी अभंग रेकॉर्ड करतो, कोणाकडे एकाच आठवड्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतली भक्तिगीतं येतात. सोलापूरचं काम असंच मिश्र असतं. कंट्रोलरही त्याच हिशेबानं निवडायला हवा.

आधी थोडं: हे यंत्र नेमकं करतं काय

कंट्रोलरमधून आवाज निघत नाही. तुम्ही नॉब फिरवला की तो कम्प्युटरला तीन गोष्टी कळवतो: चॅनल कुठला, कंट्रोल नंबर कुठला आणि त्याची किंमत किती. या कंट्रोल नंबरला सगळे 'सीसी' म्हणतात. किंमत ० ते १२७ यांच्या मधली असते. त्या आकड्यानं काय हलवायचं, हे ठरवतं सॉफ्टवेअर. सीसी ७ म्हणजे व्हॉल्यूम, १० म्हणजे पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), १ म्हणजे मॉड्युलेशन, ११ म्हणजे एक्स्प्रेशन, ६४ म्हणजे सस्टेन पेडल, असे काही संकेत ठरलेले आहेत. पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये सीसी २१ ला डिलेचा (प्रतिध्वनीचा) फीडबॅक दिलात तर तोही चालतो.

मिडी नावाची ही भाषा १९८३ साली आली. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. त्या कामासाठी दोघांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की ती भाषा आजही टिकून आहे. त्यामुळे ड्रायव्हर (यंत्र चालवायला लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) न मागणारा जुना कंट्रोलरही आजच्या लॅपटॉपला लावला की चालतो. जुन्या बाजारातल्या वस्तूला म्हणूनच किंमत आहे.

पहिली पायरी: आठवडाभर माऊसचा हिशेब ठेवा

टेबलावर वही ठेवा. काम करताना माऊसनं जे जे ओढाल त्याच्यापुढे एक रेघ मारा. आठवड्यानंतर वही उघडली की तुमचं काम साधारण तीनपैकी एका गटात पडलेलं दिसेल.

पहिला गट मिक्सिंगचा. गायकाचा आवाज ओळीगणिक वरखाली करणं, पॅन, रिव्हर्बला (घुमण्याच्या इफेक्टला) किती पाठवायचं ते सेंड. अभंगाचं उदाहरण घ्या. ध्रुवपदाला सगळे मिळून गातात तेव्हा टाळ पुढे हवेत. चरण सुरू झाला आणि एकटा आवाज आला की तेच टाळ कानाला टोचतात, शब्दांवर चढतात. तिथं फेडर हळूच खाली यायला हवा आणि चरण संपताना शेवटच्या अक्षराबरोबर परत वर जायला हवा. माऊसनं हे करायचं तर बिंदू मांडत बसावं लागतं. बोटानं केलं तर गाणं ऐकता ऐकता एका दमात होतं, आणि त्या हालचालीत लय येते. तुमच्या रेघा इथं जास्त असतील तर तुम्हाला फेडर हवेत.

दुसरा गट आवाज घडवण्याचा. सिंथचा (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या वाद्याचा) फिल्टर, रेझोनन्स (फिल्टरची धार), डिलेचा फीडबॅक, हलगीच्या लूपवर हळूहळू उघडत जाणारा फिल्टर. रिमिक्सवाल्यांच्या रेघा इथं पडतात. त्यांना नॉब हवेत, आणि तेही चांगल्या प्रतीचे.

तिसरा गट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: सॅम्पल केलेली वाद्यं वाजवणं. व्हायोलिनचा ताफा किंवा बासरीची लायब्ररी नुसत्या कीबोर्डवर वाजवली तर सपाट वाटते, कारण खऱ्या वादकाचा श्वास आणि गज सतत बदलत असतो. बऱ्याच ऑर्केस्ट्रल लायब्रऱ्यांमध्ये सीसी १ वर वाजवण्याचा जोर असतो आणि सीसी ११ वर एकूण आवाजाची चढउतार. उजवा हात सुरांवर ठेवायचा आणि डाव्या हाताची दोन बोटं शेजारशेजारच्या दोन फेडरांवर. सूर धरला की पहिला फेडर वर, सूर सोडताना दुसरा खाली. एवढं केलं तरी तीच लायब्ररी दुसऱ्याच कोणाची वाटू लागते. या कामाला दोन फेडर पुरतात. पण ते लांब आणि मऊ हवेत.

दुसरी पायरी: नॉबची संख्या मोजण्याआधी नॉबची जात बघा

माझ्या मते कंट्रोलरच्या खरेदीतला सगळ्यात मोठा निर्णय हा आहे. जाहिरातीत तो सहसा एका शब्दात उरकलेला असतो.

नॉबच्या दोन जाती. एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे दोन्ही टोकांना अडणारा साधा नॉब. त्याची जागा म्हणजेच त्याची किंमत. दुसरा एन्कोडर, म्हणजे कितीही फिरवला तरी न अडणारा. तो फक्त 'इतका उजवीकडे, इतका डावीकडे' एवढंच सांगतो. साधा फेडर पहिल्या जातीचाच, फक्त सरळ रेषेत हलतो.

फरक कुठं पडतो? समजा काल रात्री एका गाण्यात टाळाचा फेडर खाली ३० वर ठेवून तुम्ही प्रोजेक्ट बंद केला. आज दुसऱ्या पार्टीचं गाणं उघडलं, त्यात तोच ट्रॅक १०० वर आहे. टेबलावरचा फेडर मात्र कालच्याच जागी. बोट लागलं की सॉफ्टवेअरला ३१ चा निरोप जातो आणि आवाज धाडकन खाली पडतो. ऑटोमेशन (हालचालींची नोंद) लिहायला लावलेलं असेल तर तो धक्का गाण्यात कायमचा नोंदला जातो.

यावर चार उपाय आहेत. पहिला पिकअप. टेबलावरचा फेडर सॉफ्टवेअरमधल्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत काहीच होत नाही, तिथं पोचला की पकड बसते. एबलटन लाइव्ह या गाणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगमधल्या 'टेकओव्हर मोड'मध्ये ही सोय मिळते. एफएल स्टुडिओच्या मिडी सेटिंगमध्ये 'पिकअप' असा पर्याय आहे. रीपरमध्ये पॅरामीटर शिकवताना जी खिडकी उघडते तिच्यात 'सॉफ्ट टेकओव्हर' मिळतं. याला वेगळा पैसा लागत नाही. दुसरा उपाय स्केलिंग, तो लाइव्हमध्ये आहे. त्यात फेडर हलवला की किंमत हळूहळू त्याच्याशी जुळत जाते. तिसरा उपाय एन्कोडर. तो जागा सांगतच नाही, त्यामुळे उडीचा प्रश्नच येत नाही. चौथा उपाय मोटरचा फेडर. तो प्रोजेक्ट उघडताच स्वतः सरकून योग्य जागी जाऊन बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. सिंथ आणि इफेक्ट हलवायचे असतील तर एन्कोडर घ्या, शक्यतो भोवती दिव्यांचं कडं असलेला, म्हणजे किंमत डोळ्यांना दिसते. मिक्सिंगला आणि सॅम्पल वाद्यांना साधा फेडर आणि पिकअप एवढं पुरेसं आहे. मोटरच्या फेडरवर खर्च तेव्हाच करा, जेव्हा मिक्सिंगवर तुमचं घर चालतं. तो महाग असतो, त्याला बहुतेक वेळा वेगळा अडॅप्टर लागतो आणि बिघडला तर दुरुस्तीला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

एन्कोडर घेताना एक गोष्ट बघाच: तो 'रिलेटिव्ह' पद्धतीनं आकडे पाठवू शकतो का, आणि तुमच्या सॉफ्टवेअरला ती पद्धत कळते का. ही पद्धत प्रत्येक कंपनी थोडी वेगळी वापरते. उजवीकडच्या एका टिचकीला १ जातो. डावीकडच्या टिचकीला कुठं १२७ जातो, कुठं ६५. दोन्ही बाजूंना एकच पद्धत निवडलेली नसेल तर नॉब उलटा फिरतो किंवा एका झटक्यात टोकाला जातो. यंत्र खराब आहे असं समजून लोक ते परत पाठवतात. खरं तर एक सेटिंग बदललं की काम होतं.

आता बारकाव्याचा प्रश्न. ० ते १२७ म्हणजे फक्त १२८ पायऱ्या. व्हॉल्यूमला त्या सहज चालतात. पण २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ असा पूर्ण फिल्टर एका नॉबवर बसवला तर ती जवळजवळ दहा सप्तकं होतात. त्यांना १२७ नी भागलं तर एक पायरी साधारण एका अर्धस्वराएवढी पडते. रेझोनन्स वाढवून फिल्टर हळू उघडला की या पायऱ्या कानाला 'टिकटिक' अशा कळू शकतात. बरीच सॉफ्टवेअरं त्या गुळगुळीत करतात, सगळी नाही. यावर सोपा उपाय आहे: नॉबची मर्यादा आवळा. हलगीच्या लूपला २०० ते ४,००० हर्ट्झ एवढंच लागत असेल तर तेवढंच नॉबला द्या. त्याच १२८ पायऱ्या निम्म्याहून कमी जागेत बसतात. दोन सीसी जोडून १४ बिटचा आकडा पाठवणारे कंट्रोलरही असतात. त्यात १६,३८४ पायऱ्या मिळतात. पण सॉफ्टवेअरलाही ते कळायला हवं. मॅकी कंट्रोल नावाच्या पद्धतीत फेडरचे आकडे पिचबेंडच्या (सूर वाकवण्याच्या) निरोपातून जातात, त्यामुळे तिथं आपोआप जास्त बारकावा मिळतो.

तिसरी पायरी: फेडरची लांबी आणि हाताला लागणारा जडपणा

छोट्या कंट्रोलरचे फेडर बोटाच्या दोन पेरांएवढे असतात. नोव्हेशनच्या लाँच कंट्रोल एक्सएलचे ६० मिलिमीटरचे आहेत. मोठ्या मिक्सरवर आणि प्रीसोनसच्या फेडरपोर्टवर १०० मिलिमीटरचा असतो. ६० मिलिमीटरवर एक पायरी अर्ध्या मिलिमीटरहून कमी जागेत येते. आवाज ओळीगणिक हलवायचा असेल तर त्याहून आखूड फेडर घेऊ नये असं मी सांगेन. सोलो, म्यूट आणि अधूनमधून लेव्हल एवढंच काम असेल तर आखूड फेडर चालतो.

जडपणा फोटोवरून कळत नाही. शक्य असेल तर हात लावूनच बघा. फेडर अगदी सैल असेल तर श्वासाबरोबर थरथरतो. फार घट्ट असेल तर सुरुवातीला अडकतो आणि मग एकदम सुटतो. नॉब जवळजवळ असतील तर एक फिरवताना शेजारच्याला बोट लागतं. ज्यांची बोटं जाड आहेत त्यांनी हे आवर्जून बघावं.

चौथी पायरी: कुठल्या कामाला कुठलं यंत्र

आता वहीतल्या रेघा आणि बाजारातली यंत्रं जुळवून बघू. किमती सारख्या बदलतात, म्हणून त्या इथं देत नाही.

आधीपासून कीबोर्ड आहे आणि फक्त फेडर हवेत, त्यांना कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ पहिला बघावा असं मी सांगतो. त्यात ८ फेडर आणि ८ नॉब आहेत, प्रत्येक पट्टीला सोलो, म्यूट, रेकॉर्डची बटणं आहेत, शिवाय प्ले आणि स्टॉपची बटणंही आहेत. लॅपटॉपच्या पुढ्यात मावतो. फेडर आखूड आहेत आणि नॉब अडणारे आहेत, हे गृहीत धरून घ्या.

मिक्सिंग जास्त असेल आणि प्रत्येक ट्रॅकला तीन-तीन नॉब हवे असतील तर आकाईचा मिडीमिक्स बघा: २४ नॉब, ८ फेडर आणि वेगळा मास्टर फेडर. त्यावर 'सेंड ऑल' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की यंत्रावरच्या सगळ्या जागा एकदम सॉफ्टवेअरला कळतात. कोऱ्या प्रोजेक्टची सुरुवात करताना फार उपयोगी. अर्धवट मिक्स झालेल्या गाण्यात मात्र त्याला हात लावू नका, सगळ्या लेव्हल बदलतील. यावर प्ले आणि स्टॉपची बटणं नाहीत, हेही लक्षात ठेवा.

लाँच कंट्रोल एक्सएलमध्येही २४ नॉब आणि ८ फेडर आहेत. एबलटन लाइव्ह वापरणाऱ्यांना तो सगळ्यात सोपा जातो. जुन्या पिढीत नॉब अडणारे आहेत, तिसऱ्या पिढीत त्यांच्या जागी एन्कोडर आले. ऑनलाइन एकाच नावाखाली दोन्ही दिसू शकतात. पैसे भरण्याआधी पिढी नक्की तपासा.

रिमिक्स आणि सिंथवाल्यांसाठी बेरिंजरचा एक्स-टच मिनी लहान असूनही कामाचा आहे. दिव्यांचं कडं असलेले ८ एन्कोडर, ते दाबताही येतात, आणि सोबत एक फेडर. दोन थर असल्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट नेमणुका होतात. नुसते एन्कोडरच हवेत आणि खर्चाची तयारी आहे, तर डीजे टेकटूल्सचा मिडी फायटर ट्विस्टर आहे, त्यात १६ आहेत.

कीबोर्डच नसेल तर सगळं एकातच घ्यावं. आर्टुरियाचा मिनीलॅब ३ घेतला तर २५ छोट्या पट्ट्या, ८ एन्कोडर आणि ४ फेडर मिळतात. तिसऱ्या गटातल्या कामाला हे नेमकं बसतं. हार्मोनियमवर हात बसलेल्यांना छोट्या पट्ट्या त्रास देतात. त्यांनी पूर्ण आकाराच्या ४९ पट्ट्यांकडे वळावं. आर्टुरियाचा कीलॅब एसेन्शियल, नोव्हेशनचा लाँचकी ४९ किंवा एम-ऑडिओचा ऑक्सिजन ४९, तिन्हींवर ९ फेडर आहेत. लाँचकीच्या २५ पट्ट्यांच्या मॉडेलवर फेडर नाहीत. नाव एकच असलं तरी आकार बदलला की सोयी बदलतात, हे सगळ्या कंपन्यांत घडतं.

आठ फेडर कमी पडतील अशी भीती अनेकांना असते. कामाच्या वेळी हात दोनच असतात. ३० ट्रॅकचं भजन असलं तरी टाळ, पखवाज, हार्मोनियम, कोरस, मुख्य आवाज असे पाच-सहा गट करून त्यांच्या बसवर (गटाच्या एकत्र चॅनलवर) फेडर लावले की आठांत सगळं बसतं, आणि मिक्सही शिस्तीत होतो.

पाचवी पायरी: तुमच्या सॉफ्टवेअरशी त्याचं जमतं का

सोलापुरात एफएल स्टुडिओवर काम करणारे बरेच जण भेटतात. त्यात नॉब जोडणं सोपं आहे: स्क्रीनवरच्या नॉबवर उजवं बटण, 'लिंक टू कंट्रोलर', आणि यंत्रावरचा नॉब हलवायचा. एबलटन लाइव्हमध्ये कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की मॅपिंगचा मोड सुरू होतो, मॅकवर कमांड आणि एम. लॉजिक प्रोमध्ये कमांड आणि एल. क्युबेसमध्ये १२ व्या आवृत्तीपासून 'मिडी रिमोट' आलं आहे, त्यात यंत्राचं चित्रच स्क्रीनवर तयार करता येतं. रीपरमध्ये प्लगइनच्या खिडकीतल्या 'पॅरॅम' बटणाखाली 'लर्न' आहे. त्याआधी मिडी डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये त्या यंत्राला कंट्रोलसाठी परवानगी द्यावी लागते. ती राहिली की लोक तासन् तास नॉब फिरवत बसतात आणि काहीच हलत नाही.

घेण्याआधी कंपनीच्या साइटवर जाऊन दोनच गोष्टी वाचा. यंत्राला ड्रायव्हर लागतो का; लागत असेल तर तुमच्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीला तो मिळतो का. आणि मॅकी कंट्रोलची पद्धत त्यात आहे का; असेल तर ट्रॅक बदलले तरी फेडर आपोआप पुढच्या आठ ट्रॅकवर जातात, हातानं जोडणी करावी लागत नाही.

सहावी पायरी: खरेदी

सोलापुरात ढोलकी, तबला, हार्मोनियम हात लावून घेता येतात. मिडी कंट्रोलरचे पाच प्रकार एका टेबलावर मांडलेले इथं मिळतील अशी आशा धरू नका. पुण्याला काही कामानं जाणं होणारच असेल, तर वहीतली यादी घेऊन एखाद्या मोठ्या दुकानात जा आणि फेडरवर बोट फिरवून या. नुसत्या यासाठी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढायलाही हरकत नाही, पण आधी फोन करून ते मॉडेल बाहेर मांडलेलं आहे का ते विचारा. ऑनलाइन मागवत असाल तर पक्कं बिल घ्या आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. वॉरंटी भारतातली आहे की बाहेरून आणलेला माल आहे, हेही विक्रेत्याकडून लिहून घ्या.

जुना घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर ही मोफत सॉफ्टवेअरं आधीच टाकून ठेवा. यंत्रातून निघणारा प्रत्येक आकडा ती दाखवतात. मग या क्रमानं जा:

१. प्रत्येक फेडर अगदी सावकाश खालून वर न्या. ० आणि १२७ दोन्ही यायला हवेत. १२४ वर थांबणारा फेडर मिक्समध्ये तुम्हाला कायम छळेल.

२. फेडर मध्यावर ठेवा, हात काढा आणि थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहा. हात न लावता ६३, ६४, ६३ असे आकडे येत राहिले तर आतली पट्टी झिजली आहे किंवा तिच्यावर धूळ बसली आहे.

३. एन्कोडर एकाच दिशेला सावकाश फिरवा. मध्येच उलट्या दिशेचा आकडा आला तर तो संपत आला आहे. याच्यावर घरगुती इलाज नाही.

४. यूएसबीची वायर खोबणीत हलकेच हलवा. यंत्र बंद-चालू झालं तर सॉकेट सैल झालं आहे. भाव पाडून मागा नाहीतर सोडून द्या.

५. बटणं आणि पॅड सगळे दाबा, दिवे बघा. मोटर असेल तर फेडर वरखाली सरकताना घर्र असा आवाज करतो का ते ऐका.

सोबत आलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या नावावर नोंदलेलं असतं. विकणारा त्याचे पैसे लावत असेल तर ते लायसन्स नावावर करून मिळेल का, हे आधी ठरवून घ्या.

सातवी पायरी: पहिल्या संध्याकाळी बसवून टाका

यंत्र घरी आल्यावर त्याच दिवशी कायमची जोडणी ठरवून टाकावी, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक गाण्याला वेगळी जोडणी केली तर हाताला सवयच लागत नाही. पहिला फेडर नेहमी मुख्य गायकाचा, दुसरा कोरसचा, तिसरा तालवाद्यांचा. मराठी गाणं असो की तेलुगू, जागा तीच. पहिला नॉब नेहमी फिल्टरचा. असं महिनाभर केलं की डोळे स्क्रीनवर आणि हात आपोआप जागेवर. ही जोडणी असलेला एक कोरा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून साठवा आणि कंट्रोलरच्या एडिटरमधली सेटिंग फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवा. विंडोज नव्यानं टाकावं लागलं की तिची किंमत कळते.

पिकअप चालू करा. ते केल्याशिवाय पार्टीच्या गाण्याला हात लावू नका.

सॉफ्टवेअरमध्ये यंत्र दिसतच नसेल तर आधी बघा की मिडी-ऑक्स मागे उघडं तर नाही ना. विंडोजवर बऱ्याचदा एका वेळी एकच सॉफ्टवेअर मिडी यंत्र वापरू शकतं. मग वायर बदलून बघा. मोबाइलच्या काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून आकडे जात नाहीत. ऑडिओ इंटरफेस, कीबोर्ड आणि कंट्रोलर असे तिन्ही एकाच साध्या यूएसबी हबवर लावले असतील तर वीज कमी पडते. इंटरफेस सरळ लॅपटॉपला लावा आणि बाकीच्यांसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

आठवी पायरी: धूळ, ऊन आणि सूत

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घराशेजारी यंत्रमाग चालतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. हवेत सुताची बारीक लव असते. ती फेडरच्या फटीतून आत जाते, वंगणाला चिकटते आणि वर्षा-दोन वर्षांत फेडर अडखळू लागतो. काम संपलं की कंट्रोलर झाकूनच ठेवा. त्यासाठी टेरी टॉवेल वापरू नका, त्याचीच लव झडते. घट्ट विणीचं साधं कापड किंवा प्लॅस्टिकचं कव्हर बरं. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशनं फटींवरून हात फिरवा, ब्रश फटीच्या दिशेनं. फुंकर मारली तर धूळ आणखी आत जाते.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत कंट्रोलर खिडकीच्या उन्हात ठेवू नका. नॉबवरचे रबर चिकट होतात आणि मग त्यांच्यावर आणखी लव बसते.

फेडर अडखळू लागला तर घरात असेल तो स्प्रे मारू नका. साध्या कॉन्टॅक्ट क्लीनरनं घाण जाते, पण फेडरचं वंगणही धुऊन निघतं आणि तो खरखरीत होतो. फेडरसाठी वंगणासह येणारे वेगळे स्प्रे मिळतात, तेच घ्या. त्यानंही आकडे थरथरत राहिले तर फेडर बदलावा लागतो. वॉरंटी संपलेली असेल तर सोल्डरिंगला हात बसलेला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला हे काम करू शकतो. जुना भाग सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: लांबी, पायांची मांडणी आणि भागावर छापलेला आकडा. आकड्याआधीचं 'बी' हे अक्षर सरळ चढणाऱ्या रेझिस्टन्सचं असतं आणि कंट्रोलरला तोच लागतो. 'ए' चा भाग लावला तर फेडर बसेल, पण आकडे एका टोकाला दाटून येतील.